वाखाचे झाड, कुंडीतले रोप आणि कलम १४: एका कोरडवाहू शेतकऱ्याचे खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्यमंत्री आणि माननीय कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच माननीय अर्थमंत्री, भारत सरकार

विषय: हेम्पच्या, म्हणजे धागा व बी यांसाठीच्या भांगेच्या वाणाच्या, शेतीसाठी न्याय्य नियम आणि प्रौढ व्यक्तीला स्वतःपुरती भांगेची मोजकी रोपे घरी लावण्याची मुभा मिळण्याबाबत

महोदय, महोदया,

दोन वर्षांपूर्वी, मृगाच्या पेरणीआधी, मी एका सरकारी कार्यालयात अर्ज दिला. माझ्या साडेचार एकर कोरडवाहू जमिनीपैकी वीस गुंठ्यांत, केवळ धागा आणि बी यांसाठी, नशेचा अंश नगण्य असलेल्या हेम्पची चाचणी लागवड करण्यास एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या कलम १४ अन्वये परवानगी मिळावी आणि पेरणीपासून कापणीपर्यंत कोणत्याही अधिकाऱ्याने केव्हाही बांधावर येऊन तपासणी करावी, अशी त्यात विनंती होती. अर्जाची पोच मिळाली, उत्तर आजतागायत मिळालेले नाही. मधल्या काळात मी सहा वेळा खेटे घातले. एकदा सांगण्यात आले की हा विषय आमच्याकडे येत नाही, दुसऱ्यांदा सांगण्यात आले की पोलिसांना विचारा, आणि शेवटी एका कर्मचाऱ्याने काळजीपोटी बाजूला घेऊन सल्ला दिला की अशा पिकाचे नाव कागदावर घेत जाऊ नका, उगाच नजरेत याल. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण कायद्यातच लिहून ठेवलेली परवानगी मागितली म्हणून शेतकऱ्याने धास्ती घ्यायची असेल, तर तो अर्ज फायलीत पडू देण्यापेक्षा सगळ्यांसमोर मांडावा असे मला वाटले.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात राहतो. बाजरी, मूग, तूर, रब्बीला ज्वारी आणि विहिरीने साथ दिली तर कांदा, एवढीच माझी शेती. माझ्या आजोबांच्या काळी तुरीच्या कडेने अंबाडीच्या ओळी असत. कोवळ्या पानांची भाजी व्हायची, बोंडांची चटणी व्हायची, आणि शेवटी ताटे कापून, पेंढ्या बांधून ओढ्याच्या डोहात भिजत घातली जायची. साल कुजून सैल झाली की ती ओरबाडून वाख काढायचा, आणि त्या वाखाचे कासरे, दावी, मोटेचे नाडे घरच्या घरी वळले जायचे. पुढे नायलॉनची दोरी आली, मोटा गेल्या आणि अंबाडी फक्त भाजीपुरती उरली. हेम्पच्या ताटापासून धागा काढण्याची रीत मी पहिल्यांदा समजून घेतली तेव्हा मला काहीच नवे वाटले नाही. भिजवणे, सालीचा वाख वेगळा करणे, आतला काष्ठमय गाभा बाजूला काढणे, हे सारे आमच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी होत होते. फरक एवढाच, की हेम्पच्या गाभ्यालाही आता गिऱ्हाईक आहे. चुन्यात कालवून त्याच्या हलक्या भिंती बांधतात, जनावरांखाली अंथरतात. त्याच्या बियांत साधारण एक चतुर्थांश प्रथिने आणि त्याहून थोडे अधिक तेल असते.

माझ्या या पत्रामागे दुसरेही एक कारण आहे. माझी आई मागच्या पावसाळ्यात कर्करोगाने गेली. शेवटच्या सहा महिन्यांत तिला अन्न ठरत नव्हते आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता. डॉक्टरांच्या उपचारांच्या जोडीला, त्यांना विचारूनच, एका वैद्यांनी तिला विजयेचे तेल दिले. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात आणि तिच्या पानांपासून केलेली परवानाधारक औषधे आज कायदेशीरपणे मिळतात. त्या तेलाने आजार हटला असे मी कधीही म्हणणार नाही. तिला दोन-तीन तास झोप लागू लागली आणि घासभर भात पोटात राहू लागला, एवढेच मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. पण करंगळीएवढी ती बाटली आमच्या घरखर्चाला झेपणारी नव्हती. एका संध्याकाळी आईने विचारले, "झाडाचंच तेल आहे ना हे? मग तुळशीशेजारी एक रोप लाव की रे." मी तिला सांगितले की त्या एका रोपासाठी मला दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. तिने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पुढच्या महिन्यात आम्ही ती बाटली आणणे थांबवले.

महोदय, धाग्याचे पीक, घरच्या कुंडीतले रोप आणि गांजाचा चोरटा व्यापार या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपला कायदा आणि त्याहून अधिक आपले प्रशासन या तिन्हींकडे एकाच नजरेने पाहते, आणि माझे सारे गाऱ्हाणे त्यातूनच निघते.

पहिले गाऱ्हाणे राज्य सरकारकडे आहे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याचे कलम ८ भांगेच्या झाडाच्या लागवडीला मनाई करते, हे खरे. परंतु त्याच कायद्याचे कलम १४ सांगते की कलम ८ मध्ये काहीही असले तरी, धागा किंवा बी मिळवण्याच्या औद्योगिक कारणासाठी अथवा उद्यानविषयक कारणासाठी सरकार अटी घालून या झाडाच्या लागवडीस परवानगी देऊ शकते. ही सवलत आपल्या संसदेने परकीय दबाव झुगारून दिलेली नाही. अमली पदार्थांविषयीच्या ज्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराचे कारण देऊन बंदीचे समर्थन केले जाते, त्याच्या कलम २८ मध्येच धागा, बी आणि उद्यान यांसाठीची लागवड कराराच्या बाहेर ठेवलेली आहे. उत्तराखंडाने कलम १४ चाच आधार घेऊन टीएचसीचे, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याचे, प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत असलेल्या हेम्पच्या शेतीला २०१८ मध्ये परवाने देण्यास सुरुवात केली. हिमाचल प्रदेशाने महसूलमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल २०२४ मध्ये विधानसभेने स्वीकारला आणि नंतर तेथील कृषी व फलोद्यान विद्यापीठांकडे अभ्यास सोपवला. महाराष्ट्रात मात्र २०२१ साली सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने, कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही म्हणून दोन एकर गांजा लावू द्या, असा अर्ज केला तेव्हा तो प्रसिद्धीचा खटाटोप ठरवून बाजूला सारण्यात आला. त्या अर्जाचे शब्द मी वापरले नसते, कारण मागणी गांजाची नव्हे तर हेम्पची असायला हवी होती असे माझे मत आहे. पण त्यामागची वेदना प्रसिद्धीची नव्हती, हे सोयाबीन विकणारा कोणीही सांगेल. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि आमच्या लोकांनी बाजार समितीत त्याहून कमी भावाने माल घातला.

आणखी एक विसंगती मला रोज बोचते. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये हेम्पचे बी, त्याचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. पुण्या-मुंबईच्या दुकानांत त्या बियांची देखणी पाकिटे मांडलेली असतात. म्हणजे महाराष्ट्रातल्या ग्राहकाने ते बी खावे, व्यापाऱ्याने विकावे, सरकारने त्यावर कर घ्यावा, आणि महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने मात्र ते पेरू नये. हा न्याय कोणत्या तत्त्वावर उभा आहे, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

दुसरे गाऱ्हाणे केंद्र सरकारकडे आहे आणि ते व्याख्येविषयी आहे. या कायद्यात "गांजा" म्हणजे झाडाचे फुलोरे किंवा फळधारी शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पाने आणि बिया गांजात मोडत नाहीत. इतका बारकावा कायद्याने पाळला, परंतु "भांगेचे झाड" म्हणजे काय, याचे उत्तर देताना त्या वंशातले कोणतेही झाड, असे सरसकट सांगून टाकले. त्यात टीएचसीच्या प्रमाणाचा उल्लेख नाही. धाग्यासाठी दाट पेरलेले, फांद्या न फुटलेले, नशेच्या दृष्टीने निरुपयोगी ताट आणि डोंगरात लपवून वाढवलेले गांजाचे झुडूप कायद्याच्या लेखी सारखेच. पोलिसांना दोष देण्यात अर्थ नाही. जे प्रमाण कायद्यातच नाही, ते त्यांनी मोजायचे कशासाठी? जप्तीच्या वेळी फुलोऱ्याबरोबर पाने, देठ, मुळे सगळे एकत्र तोलले जाते, वजन फुगते आणि वीस किलोंच्या "व्यावसायिक मात्रे"ची रेषा ओलांडली की कलम ३७ मुळे जामीन दुरापास्त होतो. व्याख्येनुसार पाने-बिया वगळून वजन व्हायला हवे होते, या कारणावरून मुंबई उच्च न्यायालयाला जामीन द्यावा लागला आहे. उच्च न्यायालयापर्यंत पोहोचण्याची ऐपत किती शेतकऱ्यांची असते, याचा विचार आपण करावा.

तिसरी गोष्ट बियाण्याची. ती सर्वांत कमी बोलली जाते, पण शेतकरी म्हणून मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. हेम्प हे जादूचे पीक आहे, एकरी अमुक लाख देते, असे सांगणारे लोक आताच गावोगाव फिरू लागले आहेत. इमूपालन, सफेद मुसळी, कडकनाथ कोंबड्या यांच्या वेळी महाराष्ट्राने काय पाहिले, हे मी विसरलेलो नाही, आणि म्हणूनच सरकारने या विषयापासून तोंड फिरवू नये असे म्हणतो. युरोपात निवडलेले हेम्पचे वाण ४५ ते ५० अंश अक्षांशांवरच्या दीर्घ दिवसांना सरावलेले असतात. दिवस लहान झाला की हे झाड फुलोऱ्यावर येते. आमच्या पारनेरला, १९ अंशांवर, जूनमधला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास भरतो. त्यामुळे परदेशी बी येथे पेरले तर झाड कमरेएवढे होण्याआधीच फुलते आणि धाग्यासाठी लागणारे उंच, सरळ ताट मिळतच नाही. उलट हिमालयातले देशी वाण आपल्या दिवसमानाला जवळचे असले, तरी त्यांतील अनेकांचे टीएचसी ०.३ टक्क्यांच्या मर्यादेत बसत नाही. याचा अर्थ असा, की महाराष्ट्रासाठी योग्य वाण आयता कोठेही ठेवलेला नाही, तो येथेच निवडून तयार करावा लागेल. आपल्याकडे राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. केंद्राच्या २०१२ च्या राष्ट्रीय अमली पदार्थ धोरणातही कमी टीएचसीच्या वाणांच्या संशोधनाला उत्तेजन देण्याची भूमिका घेतलेली आहे. तरीही माझ्यासारख्या शेतकऱ्याला वाणाची शिफारस विचारायला आज एकही जागा नाही.

चौथे गाऱ्हाणे घरच्या रोपाचे. हे मांडताना माझी प्रतिष्ठा पणाला लागते याची मला जाणीव आहे, कारण गावात या झाडाचे नाव घेतले की माणसे वेगळ्या नजरेने पाहू लागतात. मी स्वतः गांजा ओढत नाही आणि कोणी ओढावा असे सांगतही नाही. पण कायद्यातले प्रमाण तपासून पाहावे. २००१ च्या दुरुस्तीने बाळगण्याच्या गुन्ह्याला मात्रेनुसार पायऱ्या लावल्या. एक किलोपर्यंत गांजा जवळ सापडला तर ती "अल्प मात्रा", शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लागवडीला मात्र अशी कोणतीही पायरी नाही. एक रोप असो की एक एकर, कलम २० नुसार दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. म्हणजे तस्कराकडून अर्धा किलो गांजा विकत घेणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने कमी गुन्हेगार, आणि तस्कराचे तोंडही न पाहता कुंडीत एक रोप वाढवणारा अधिक मोठा गुन्हेगार. ही रचना चोरट्या व्यापाराला गिऱ्हाईक पुरवते, दुसरे काही करीत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्याच तत्त्वावर दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये, प्रौढाने खासगी जागेत स्वतःपुरते हे रोप लावणे व वापरणे गुन्हा ठरवता येणार नाही, असा निर्णय दिला आणि २०२४ मध्ये तेथे त्यानुसार कायदाही झाला. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रत्येक प्रौढाला घरी तीन रोपांची मुभा दिली, ती मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवण्याच्या अटीसह. माल्टात २०२१ पासून एका घरात चार रोपे चालतात. परदेशात आहे म्हणून येथे हवे, असे माझे म्हणणे नाही. संख्या, वय, कुंपण आणि विक्रीबंदी या चार अटींनी हा प्रश्न हाताळता येतो, एवढेच मला त्यातून दाखवायचे आहे.

आपल्या इतिहासाचाही यात संबंध आहे, आणि तो माझ्याच जिल्ह्याचा आहे. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात नगर जिल्ह्यात परवान्याखाली गांजाची लागवड होत असे. गांजा, भांग, चरस यांची चौकशी करणाऱ्या १८९३-९४ च्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाने १,१९३ साक्षीदारांची म्हणणी ऐकून निष्कर्ष काढला की सरसकट बंदी गरजेचीही नाही आणि शहाणपणाचीही नाही. आयोगाने मोकळे रान द्या असेही म्हटले नव्हते. परवाना, कर आणि बाळगण्याची मर्यादा सुचवली होती. जुन्या सरकारी अहवालाने माझी प्रत्येक मागणी मान्य केली आहे असा दावा मी करणार नाही, कारण बिनपरवाना लागवड त्या आयोगालाही नको होती. पण मीही परवानाच तर मागतो आहे.

आता आक्षेपांविषयी. या झाडाच्या फुलोऱ्याची नशा निरुपद्रवी नाही. कोवळ्या वयात तिचा नाद लागला तर अभ्यास आणि मन दोन्ही बिघडतात, आणि ज्यांना मानसिक आजाराचा धोका आहे त्यांच्या बाबतीत ती गंभीर ठरू शकते. संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये राज्याला मादक पदार्थांच्या बंदीसाठी प्रयत्न करण्यास सांगितले आहे, हेही मला ठाऊक आहे. परंतु २०१९ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणानुसार, बंदीला तीन दशके उलटल्यानंतरही, वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेणाऱ्यांची संख्या सुमारे ३.१ कोटी होती. त्यांच्यातल्या अल्पवयीनांना आज वय विचारणारा कोणीही विक्रेता नाही. राहिला हेम्पच्या आडून गांजा पिकवण्याचा आक्षेप. शेतीच्या अंगाने पाहिले तर हा आक्षेप टिकत नाही. धाग्याच्या हेम्पमधली नर झाडे वाऱ्यावर पराग सोडतात, आणि तो पराग गांजाच्या मादी फुलोऱ्यावर पडला की त्यात बी धरते आणि मालाची प्रत उतरते. गांजा पिकवणारा हेम्पच्या शेतापासून दूर पळेल, त्यात लपायला येणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. राज्य सरकारने कलम १४ खाली आदेश काढून धागा व बी यांसाठीच्या हेम्प लागवडीचे नियम जाहीर करावेत. परवाना तालुका किंवा जिल्हा पातळीवर, ठरलेल्या मुदतीत, अल्पभूधारकाला परवडेल अशा शुल्कात मिळावा. किमान क्षेत्राची अट घालून हे पीक केवळ मोठ्या कंपन्यांच्या हाती देऊ नये. कापणीपूर्वी नमुना तपासावा, आणि प्रमाणित बी पेरूनही हवामानामुळे टीएचसी मर्यादेपेक्षा थोडे वाढले, तर पीक नष्ट करावे, पण शेतकऱ्यावर गुन्हा दाखल करू नये. चारही कृषी विद्यापीठांना येत्या खरिपापासून वाणांच्या चाचण्या सोपवाव्यात आणि त्यांचे निष्कर्ष, चांगले असोत वा वाईट, मराठीत प्रसिद्ध करावेत. ते वाईट निघाले तर मी स्वतः गावात सांगेन की हे पीक आपल्यासाठी नाही.

केंद्र सरकारने "भांगेचे झाड" या व्याख्येत टीएचसीची मर्यादा घालावी, जेणेकरून हेम्प गांजापासून वेगळे होईल. कलम २० मध्ये लागवडीलाही अल्प मात्रेची पायरी असावी. एकवीस वर्षांवरील व्यक्तीने स्वतःच्या राहत्या घरी, रस्त्यावरून न दिसणारी आणि मुलांच्या हाती न लागणारी तीनपर्यंत रोपे स्वतःपुरती वाढवणे हा गुन्हा राहू नये, आणि त्यातले काहीही विकणे मात्र आजच्याप्रमाणेच गुन्हा राहावा. हे सर्व एका अधिवेशनात होणार नाही, हे मला समजते. तोवर निदान डॉक्टर किंवा नोंदणीकृत वैद्य यांची चिठ्ठी असलेल्या रुग्णाला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्याला एका-दोन रोपांसाठी तुरुंगाची भीती नसावी. महाराष्ट्र विधिमंडळाने तशी शिफारस करणारा ठराव करून केंद्राकडे पाठवावा.

शेवटची मागणी माझ्या अर्जाची. त्याची प्रत आणि पोचपावती या पत्रासोबत जोडली आहे. परवानगी द्यायची नसेल तर नकार लेखी द्यावा आणि त्यामागचे कायद्यातले कलम त्यात नमूद करावे, म्हणजे मला पुढे कोठे दाद मागायची ते कळेल. वीस गुंठ्यांचा तो तुकडा मी यंदाही नांगरून ठेवला आहे. मृगापर्यंत उत्तर आले नाही, तर त्यात बाजरी पेरीन आणि पुढच्या वर्षासाठी पुन्हा अर्ज करीन.

आपला विश्वासू,
पारनेर तालुक्यातील एक शेतकरी